सायकल आणायची, पण लावायची कुठे? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की युनिव्हर्सिटीला किंवा कामावर सायकलने जाण्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. पत्रं भरपूर आली. विद्यार्थ्यांची आहेत, शिकवणाऱ्यांची आहेत, दोन-तीन तर चक्क पार्किंग सांभाळणाऱ्या कमिटीतल्या लोकांची आहेत. बरेच प्रश्न फिरून फिरून तेच होते म्हणून काही एकत्र केलेत, कुणाचंही नाव दिलेलं नाही.

प्रश्न : ताई, मी स्टुडंट कौन्सिलमध्ये आहे. आम्ही दरवर्षी सायकल दिवस करतो. कुलगुरू येतात, टी-शर्ट वाटतो, रॅली निघते, फोटो एकदम भारी येतात. दुसऱ्या दिवशी स्टँडवर परत त्याच चार-पाच सायकली. आमचं चुकतं कुठे?

तुमचं चुकत नाहीये रे, फक्त तुम्ही ज्यांना आधीच सायकल आवडते त्यांनाच परत परत बोलावताय. अमेरिकेत पोर्टलंड शहरात रॉजर गेलर म्हणून सायकलचं काम बघणारे अधिकारी होते, त्यांनी आपल्या शहरातल्या लोकांचे ढोबळ चार गट पाडले होते. कसल्याही ट्रॅफिकमध्ये बिनधास्त घुसणारे १ टक्क्याच्याही आत. थोडी सोय असली की आनंदाने चालवणारे ७ टक्के. काही झालं तरी नको म्हणणारे ३३ टक्के. आणि राहिलेले ६० टक्के म्हणजे "चालवायला आवडेल हो, पण भीती वाटते" वाले. तुमच्या रॅलीला येतात ते पहिले दोन गट, आणि खरं काम आहे ते या साठांमध्ये. ते रॅलीला येणारच नाहीत, कारण रॅलीच्या दिवशी पुढे-मागे पोलिसांची गाडी असते आणि सोमवारी सकाळी ती नसते हे त्यांना चांगलं माहितीये.

म्हणून यंदा टी-शर्टचे पैसे वाचवा आणि एक काम करा. स्कूटरच्या पार्किंगमध्ये सकाळी तासभर उभे राहा आणि गाडी लावणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, "सायकलने यायचं ठरवलंत तर पहिली अडचण कुठली येईल?" सल्ला द्यायचा नाही, पर्यावरणावर बोलायचं नाही, नुसतं लिहून घ्यायचं. उत्तरं साधी असतात बघ, अमुक चौक, लावायला जागा नाही, लॅबमधून निघायला रात्र होते आणि मागच्या गेटच्या रस्त्याला दिवे नाहीत. ही यादी हातात घेऊन कुलगुरूंकडे गेलात तर त्यांनाही काहीतरी ठोस करता येतं. नाहीतर ते बिचारे दरवर्षी झेंडाच दाखवत राहणार.

आणि हो, "आमच्याकडच्या लोकांना सायकलची आवडच नाही" हे जे सगळीकडे ऐकू येतं ना, त्यावर स्पेनमधलं सेव्हिल आठवायचं. तिथे २००६ च्या आधी सायकलने होणारे प्रवास जेमतेम अर्धा टक्का होते. मग त्यांनी चार-पाच वर्षांत शंभरावर किलोमीटरचे वेगळे सायकल ट्रॅक बांधले, तेही तुकड्या-तुकड्यांत न ठेवता एकमेकांना जोडून, आणि हे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास गेलं. माणसं तीच होती.

प्रश्न : मी पीजीला आहे, रूम ते डिपार्टमेंट सहा किलोमीटर. मधे एक मोठा रस्ता आणि एक भयंकर चौक लागतो. सायकल घ्यावीशी वाटते पण घरचे म्हणतात, अजिबात नाही. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. ही भीती घालवायची कशी?

आधी एक सांगते, भीती घालवायची वगैरे काही गरज नाही, ती बरोबरच आहे. मोठ्या गाड्या शेजारून सुसाट जातात त्या रस्त्यावर घाबरायला होणं म्हणजे डोकं नीट चालू असल्याचं लक्षण आहे. तेव्हा तू आधी रस्ता बदलून बघ. मोबाईलचा मॅप जो रस्ता दाखवतो तो बहुतेक वेळा गाडीच्या हिशोबाने असतो. सायकलला किलोमीटरभर जास्त पडला तरी आतल्या गल्ल्यांतून जाणारा रस्ता चांगला, साध्या वेगाने किलोमीटरला चार मिनिटं लागतात, म्हणजे फार तर तेवढा उशीर. सुट्टीच्या दिवशी सकाळी एकदा जाऊन ये, बरोबर कुणाला तरी घे, आणि कुठे अडतंय ते बघून ठेव. तो एक चौक टाळताच येत नसेल तर तिथे खाली उतर आणि पायी चालणाऱ्यांबरोबर सायकल हातात धरून क्रॉस कर. यात कमीपणा कसला? एक मिनिट जातं.

आता रस्त्यावरच्या दोन गोष्टी, या मात्र नीट लक्षात ठेव कारण नव्या माणसाला त्या कुणी सांगत नाही. पहिली म्हणजे उभ्या असलेल्या गाड्यांना चिकटून चालवायचं नाही. आतला माणूस मागे न बघता दार उघडतो आणि आपण थेट त्यावर जातो, म्हणून दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही एवढं अंतर सोडायचं, साधारण मीटरभर तरी. मागून हॉर्न वाजला तर वाजू दे. (नेदरलँड्समध्ये दार उघडताना लांबच्या हाताने उघडायला शिकवतात, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागचा सायकलवाला दिसतो. तुझ्या गाडीवाल्या मित्रमैत्रिणींना शिकव.) दुसरी गोष्ट ट्रक आणि बसची. सिग्नलला मोठी गाडी थांबलीये आणि तिच्या आणि फुटपाथच्या मधे फट दिसतेय, तिथे कधी म्हणजे कधीच घुसायचं नाही. ड्रायव्हरला तू त्या जागी दिसतच नाहीस, आणि तो तुझ्या बाजूला वळला की मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणजे बरोबर तू उभी आहेस तिथून. सिग्नल सुटू दे, गाडी जाऊ दे, मग नीघ.

घरच्यांसाठी एक उपाय आहे. तुझ्या बाजूने येणारे अजून तीन-चार जण शोध आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यावर भेटून एकत्र निघा. चार सायकली एका ओळीत असल्या की गाडीवालाही जरा जपून जातो. पीटर जेकबसन या अभ्यासकांनी २००३ मध्ये वेगवेगळ्या शहरांचे आणि देशांचे आकडे लावून हेच दाखवलं होतं की जिथे सायकली जास्त तिथे प्रत्येक सायकलवाल्याचा धोका कमी होतो. आणि दिवे लाव बाई, पुढे पांढरा, मागे लाल, संध्याकाळ व्हायच्या आधीच.

प्रश्न : मी शिकवतो. अंतर पाच किलोमीटर. सायकलने जायची फार इच्छा आहे पण घामेजलेल्या शर्टात पहिलं लेक्चर कसं घ्यायचं? आणि दुसरं, सहकारी विचारतात, "काय सर, गाडी विकली का?"

घामाचं बघू आधी. घाम येतो तो बराचसा घाईने येतो. पाच किलोमीटरला वीस मिनिटं लागतात, तुम्ही पंचवीस ठेवा आणि रमतगमत जा, शेवटची पाच मिनिटं तर अगदीच हळू, म्हणजे पोचेपर्यंत अंग निवलेलं असतं. मग लॅपटॉपची बॅग. पाठीवर सॅक घेतली की पाठ भिजणार म्हणजे भिजणारच, तिथे हवाच लागत नाही. कॅरिअरवर बांधा किंवा कॅरिअरच्या बाजूला अडकवायच्या बॅगा मिळतात त्या घ्या, फरक पहिल्याच दिवशी कळेल. एक शर्ट आणि छोटा टॉवेल केबिनमध्ये ठेवून द्या. आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये एखादी बाथरूम आहे का जी स्टोअररूम झालीये, बघा जरा, बऱ्याच ठिकाणी असते. ती रिकामी करून मागितली तर खर्च फारसा नाही आणि तुमच्याशिवाय अजून दहा जणांची सोय होते. मघाशी सेव्हिलचं सांगितलं ना, तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तरी लोक जातात.

आता "गाडी विकली का". हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याला गंमत करायची असते, त्यामुळे "हो, तुम्हाला हवी होती का?" म्हणून सोडून द्यायचं. पण यात एक खरी गोष्ट आहे ती अशी की विद्यार्थी तुमच्याकडे बघत असतात. सायकल म्हणजे परवडत नाही त्याचं वाहन हा समज पोस्टरने जात नाही, पण एखादे चांगले शिकवणारे सर रोज तिच्यावरून येतात हे दिसलं की आपोआप सैल होतो. कॅलिफोर्नियात डेव्हिस नावाचं युनिव्हर्सिटीचं गाव आहे, तिथले त्या वेळचे चॅन्सेलर एमिल म्राक यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅम्पस वाढत असताना प्लॅनरना सांगितलं की इथे लोक सायकलवरून फिरणार आहेत असं धरून आखणी करा, आणि नव्या विद्यार्थ्यांना सांगितलं, येताना सायकल घेऊन या. वरून असं आलं की खालच्यांना कुणी हसत नाही.

प्रश्न : मी पार्किंग कमिटीत आहे. आम्ही मोठा सायकल स्टँड बांधून दिला, वर पत्रा टाकला, खर्च केला. तो रिकामा पडलाय आणि सायकली लायब्ररीच्या रेलिंगला आणि झाडांना बांधलेल्या. या लोकांना शिस्त कशी लावायची?

शिस्त राहू द्या, आधी मला सांगा तो स्टँड कुठे आहे? मेन गेटजवळ, कंपाउंडच्या कडेला, बरोबर? लायब्ररी तिथून चालत सात-आठ मिनिटं. म्हणजे माणसाने सायकलने यायचं, लांब लावायची आणि उरलेलं चालायचं, मग सायकलचा फायदा काय राहिला? सायकल दारात लागली पाहिजे, कारच्या पार्किंगपेक्षा जवळ. रेलिंगला बांधणारे लोक बेशिस्त नाहीयेत, ते तुम्हाला फुकटात दाखवून देतायत की स्टँड कुठे हवा होता. एक दिवस दुपारी फिरून रेलिंगला, खांबाला, झाडाला किती सायकली आहेत ते नकाशावर मांडा, झालं तुमचं नियोजन.

दुसरं, स्टँड कुठल्या प्रकारचा आहे? जमिनीलगत लोखंडी पट्ट्या आणि खाचा, पुढचं चाक त्यात अडकवायचं, असा असेल तर लोक टाळणारच. त्यात सायकल नुसत्या चाकावर उभी राहते. शेजारच्याने आपली ओढली की हँडलला हँडल लागतं, सायकल कलंडते, सगळा भार रिमवर येतो आणि चाक आऊट जातं, मग ब्रेकला घासत फिरतं. शिवाय कुलूप फक्त चाकालाच लागतं. म्हणजे चोर चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल नेऊ शकतो, आणि नेतोही. त्याऐवजी उलट्या यू आकाराचे पाईप लावा, जमिनीत पक्के काँक्रीट करून, साधारण पाऊण मीटर उंच, दोन पाइपांत मीटरभर अंतर. एका पाइपाला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल टेकते आणि फ्रेमला कुलूप घालता येतं. एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात बसतात. म्हणजे लायब्ररीसमोरच्या कारच्या दोन जागा घेतल्यात तर बहुतेक प्रश्न सुटेल, पण त्या दोन जागा कुणाच्या आहेत यावर मीटिंगमध्ये काय होईल ते मी इथे बसून सांगू शकते.

पत्रा मात्र ठेवा, तो चांगलाय. आणि रात्रीचा दिवा. हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या स्टेशनखाली १२,५०० सायकलींचं पार्किंग आहे, आपल्याला एवढं नकोय, पण तिथे सायकल लावली की माणूस थेट प्लॅटफॉर्मकडे निघतो ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

प्रश्न : दोन सायकली गेल्या. तिसरी घ्यायची हिंमत होत नाही. (असे प्रश्न बरेच आले.)

वाईट वाटलं. बारीक वायरचं नंबरवालं लॉक असेल तर ते छोट्या कटरने क्षणात तुटतं, त्याला लॉक म्हणूच नये. यू लॉक घ्या, म्हणजे यू आकाराच्या जाड लोखंडी दांड्याचं कुलूप, जड असतं पण असू दे. घालताना फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही एकत्र त्या पाइपाला अडकलं पाहिजे. पुढचं चाक क्विक रिलीजचं असेल, म्हणजे खटका उघडला की हातात येणारं, तर साधा नट-बोल्टवाला अ‍ॅक्सल बसवून घ्या. जागा माणसांच्या येण्याजाण्याची निवडा, आडोशाची नको. आणि आजच सायकल उलटी करा, पायडल जिथे जोडलेलं असतं त्याच्या खाली फ्रेमवर बहुतेक वेळा एक नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. सायकल सापडली तरी ती तुमची आहे हे दाखवायला दुसरं फारसं काही नसतं. युनिव्हर्सिटीने हे नंबर अ‍ॅडमिशनच्या वेळीच नोंदवून घेतले आणि स्टिकर दिला तर फारच बरं.

प्रश्न : आमच्याकडे देणगीतून शंभर सायकली आल्या होत्या, कॅम्पसमध्ये कुणीही कुठूनही घ्यायची, कुठेही सोडायची. दीड वर्षात भंगार झालं. आता कुणी सायकलचा विषय काढला की सगळे त्या ढिगाकडे बोट दाखवतात.

होणारच होतं. देणगीत सायकली येतात, त्यांच्यात हवा भरणारा माणूस येत नाही. रोज दहा-बारा जणांच्या हातून जाणारी सायकल घरच्या सायकलपेक्षा कितीतरी लवकर झिजते, चेन सुकते, ब्रेकचे रबर संपतात, आणि एकदा दोन-चार नादुरुस्त दिसल्या की लोक हात लावणं बंद करतात. त्यातून कुणाचीच नसलेली वस्तू.

तो ढीग फेकू नका पण. त्यातून दोनाची एक करून चाळीस-पन्नास तरी उभ्या राहतील. त्या आता सेमिस्टरच्या बोलीवर एकेका विद्यार्थ्याला द्या, थोडं डिपॉझिट घ्या, नंबर त्याच्या नावावर लिहा. माझी म्हटलं की माणूस ती पावसात टाकून जात नाही. आणि सगळ्यात आधी एक शेड काढा, तिथे पंप, पाने, पंक्चरचं सामान, सायकल अडकवून दुरुस्त करायचा स्टँड, आणि आठवड्यातून काही ठरलेल्या तासांना एक कसलेला मिस्त्री. विद्यार्थी त्याच्या हाताखाली शिकतील. माझं तर मत आहे की पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर सायकली घेऊ नका, मिस्त्री ठेवा.

प्रश्न : कॅम्पसच्या आत सायकल ट्रॅक सुंदर आहे, झाडं, सावली, सगळं. पण गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की संपलं. गेटबाहेरचं शहर आमच्या हातात नाही, मग आम्ही काय करणार?

हातात नाही हे खरं, पण युनिव्हर्सिटी म्हणजे हजारो माणसांना रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने आणणारी आणि सोडणारी जागा आहे, महापालिकेला तुमचं ऐकावं लागेल इतकी मोठी. तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी महापालिकेकडे नाही, सगळ्यांचे पत्ते. नावं काढून टाका, नुसते ठिपके नकाशावर टाका, मग दिसेल की सायकलच्या टप्प्यातली, म्हणजे पाच-सहा किलोमीटरच्या आतली माणसं कुठल्या दोन-तीन बाजूंनी येतात. तेवढेच दोन-तीन रस्ते मागा. "शहर सायकलस्नेही करा" या मागणीवर कुणीही मान डोलावतं आणि काहीच करत नाही. अमुक वसाहतीपासून मागच्या गेटपर्यंत सलग ट्रॅक, मधल्या दोन चौकांसह, या मागणीला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

डेव्हिसमध्ये असंच झालं. तिथला एक अर्थशास्त्राचा प्राध्यापक, फ्रँक चाइल्ड, कुटुंबासकट हॉलंडमध्ये राहून आला होता, त्याने गावातल्या लोकांना घेऊन सायकल लेनची मागणी लावून धरली, ती नगरपालिकेच्या निवडणुकीतला मुद्दा झाली, आणि १९६७ मध्ये तिथे अमेरिकेतल्या पहिल्या सायकल लेन आखल्या गेल्या.

याहून धाडसी गोष्ट नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनची. हेही विद्यापीठाचंच शहर. १९७७ मध्ये त्यांनी शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि कारला एका भागातून दुसऱ्या भागात थेट जायला बंदी केली, बाहेरच्या रिंग रोडला जायचं आणि तिकडून आत यायचं. सायकल मात्र सरळ. म्हणजे कार बंद केली नाही, नुसती लांबून फिरवली. दुकानदारांनी खूप आरडाओरडा केला होता. पण तेव्हापासून तिथे जवळ जायचं तर सायकलच सोयीची पडते.

तोवर एक छोटं काम मात्र तुमच्याच हातात आहे. मागचं गेट. पार्किंग कमिटीने किंवा सिक्युरिटीने ते संध्याकाळी सहाला बंद केलं असेल तर सायकलवाल्याला मेन रोडने वळसा पडतो. ते रात्रीपर्यंत उघडं ठेवा.

प्रश्न : कारवर बंदी घातल्याशिवाय हे काही होणार नाही. आणि बंदी घातली की स्टाफ आंदोलन करेल.

बंदी नको. पार्किंगचा वर्षाचा पास बंद करा आणि रोजचा ठेवा, एवढंच करून बघा. वर्षाचे पैसे एकदा भरले की माणूस म्हणतो भरलेत तर वापरू, आणि रोज कार काढतो. रोजचे भरायचे असले की रोज विचार करतो. कॅलिफोर्नियात १९९२ पासून असा कायदा आहे की कंपनी भाड्याने जागा घेऊन कामगारांना फुकट पार्किंग देत असेल तर काही बाबतींत जागा नको म्हणणाऱ्याला तेवढे पैसे रोख द्यायचे. आणि एक भीती सगळ्यांना असते, मुलाच्या शाळेतून अचानक फोन आला तर? त्यासाठी सायकलने येणाऱ्याला अडीअडचणीला युनिव्हर्सिटीच्या खर्चाने टॅक्सी, वर्षातून ठरावीक वेळा. लोक ती फार वापरत नाहीत, पण आहे म्हटलं की निश्चिंत येतात.

प्रश्न : पाऊस?

मडगार्ड दोन्ही चाकांना, पूर्ण लांबीचे. रेनकोट सैल हवा, घट्ट असेल तर आतून घामानेच भिजाल. ओल्यात रिमचे ब्रेक उशिरा लागतात म्हणून आधीपासून दाबायला सुरुवात करा, आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं यांवर वळू नका, तिथे घसरतं. दुसऱ्या दिवशी चेन पुसून दोन थेंब तेल. फारच धो-धो असेल तर बसने जा की, रोजच सायकल काढायची शपथ थोडीच घेतलीये.

प्रश्न : इलेक्ट्रिक सायकल घेतली तर ती फसवणूक आहे का?

छे. चढ असेल, अंतर दहाच्या पुढे असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर जरूर घ्या. फक्त हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये किंवा जिन्याच्या तोंडाशी बॅटरी चार्ज करत ठेवू नका, पेटली तर बाहेर पडायचा रस्ताच बंद. कंपनीचाच चार्जर वापरा.

प्रश्न : महिनाभर चालवतेय, गुडघे पुढून दुखतात. सोडून द्यावी का?

आधी सीट बघा. नव्या लोकांची सीट नव्वद टक्के खालीच असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. पण मग गुडघा सतत मुडपलेला राहतो आणि सगळा जोर त्याच्यावर येतो. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, वर बसा, एक पायडल एकदम खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. नसेल होत तर सीट वर घ्या, एकदम नाही, बोटभर, दोन-तीन दिवस चालवा, मग परत बोटभर. चालवताना टाच नाही, पायाचा चवडा पायडलवर, म्हणजे गुडघ्यात किंचित बाक राहतो. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, ती बाहेर दिसेल इतका दांडा वर ओढू नका, तुटतो. गिअर असतील तर हलका टाकून पाय भरभर फिरवा, जड गिअर रेटू नका. टायरमध्ये हवा किती हवी ते टायरच्या कडेवरच लिहिलेलं असतं, तेवढी आठवड्याला भरा, मऊ टायर ओढतानाही गुडघ्यावरच येतं. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरांना दाखवा.